फ्रेअर आणि बावन्न अक्षरे

मुंबईच्या कोटाची तटबंदी पाडल्याची हकीकत या आठवड्यात सांगायची कबूल केली होती, ती पुढे ढकलतो आहे. कारण उल्हासनगरच्या एका वाचकाने विचारलेला प्रश्न: ‘साताऱ्याचे राज्य खालसा करू नये म्हणून भांडणाऱ्या फ्रेअरची तुम्ही स्तुती केलीत, पण त्याच माणसाने आमच्या सिंधी भाषेवर अरबी लिपी लादून आम्हाला नागरीपासून तोडले, त्याचे काय?’ हा आरोप जुना आहे आणि अनेक जाणत्या लोकांनी तो केला आहे. तो मला अर्धाच पटतो, आणि त्या अर्ध्याचा हिशेब नीट मांडला पाहिजे.

बार्टल फ्रेअर 1850 मध्ये सिंधचा कमिशनर नेमला गेला, तेव्हा तिथल्या मीर राज्यकर्त्यांची सत्ता जाऊन सातच वर्षे झाली होती आणि कचेरीचा कारभार फारसीतच चालला होता. पुण्याकडच्या नोकरीत फ्रेअरने मराठी शिकून घेतली होती. रयतेच्या भाषेत दफ्तर चालते, हे त्याने इकडे पाहिले होते. सिंधमध्ये त्याने अधिकाऱ्यांना सिंधीची परीक्षा सक्तीची केली. त्याच्या सगळ्या सुधारणांत, 1852 च्या प्रसिद्ध ‘सिंध डाक’ तिकिटांपेक्षाही, मी हिला वरचे स्थान देतो. पण परीक्षा घ्यायची, पुस्तके छापायची, तर ती कोणत्या अक्षरांत? व्यापाऱ्यांच्या वह्या हटवाणिका अक्षरांत लिहिल्या जात. ही अक्षरे गावोगाव वेगळी, आणि त्यांत काना, मात्रा, वेलांटी काहीच नाही. ओळखीच्या माणसाची हुंडी वाचता येई, अनोळखी माणसाचे पत्र अंदाजानेच लावावे लागे. आपली मोडी कितीही घाईची असली तरी तिच्यात स्वर लिहिले जात, हे ध्यानात घ्यावे. कॅप्टन जॉर्ज स्टॅकने 1849 मध्ये सिंधीचे व्याकरण आणि कोश नागरीत छापले होते. उलट, सिंधमध्ये काही वर्षे नोकरी केलेला रिचर्ड बर्टन अरबी नस्ख लिपीच्या बाजूने होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांनी बर्टनचा पक्ष उचलून धरला. फ्रेअरचा सहायक बॅरो एलिस याच्या देखरेखीखाली हिंदू आणि मुसलमान जाणकार एकत्र बसले आणि 1853 मध्ये बावन्न अक्षरांची वर्णमाला ठरली.

भाषाशास्त्राच्या कसोटीवर स्टॅकचे म्हणणे खरे होते, यात मला शंका नाही. ग, ज, ड, ब यांचे श्वास आत ओढून केलेले चार उच्चार सिंधीत आहेत. नागरीत मूळ अक्षराखाली एक आडवी रेघ दिली की काम भागते. अरबीत त्यांच्यासाठी आणि भ, थ, छ अशा महाप्राणांसाठी टिंबांची नवी जुळणी करावी लागली. शिवाय एका ‘स’साठी तीन अक्षरे तशीच राहिली आणि ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिलेच जात नाहीत. पण 1853 च्या सिंधमध्ये नागरी वाचणारे किती होते? काही ब्राह्मण, बस. फारसी मात्र हिंदू आमिलांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या शिकवली जात होती, कारण दरबारातले कारकून आणि दिवाण तेच होते. म्हणून ज्या लिपीला आज मुसलमानी म्हटले जाते, तिचा पहिला लाभ हिंदू आमिलांनाच झाला. कौडोमल खिलनाणींसारख्या लेखकांनी तिच्यातच सिंधी गद्य घडवले. फोडा आणि झोडा हा हेतू या निर्णयामागे शोधावा, तर हा लाभ त्याच्या आड येतो. कचेरीत बसलेल्या माणसाला जे आधीच वाचता येत होते ते निवडले, इतकाच त्याचा अर्थ आहे.

दोष आहे तो नेमका इथे. कचेरीबाहेरच्या माणसाचा विचार फार थोडा झाला. ज्याला फारसीचा गंध नव्हता त्या दुकानदाराच्या मुलाला शाळेची अक्षरे आणि घरच्या वहीची अक्षरे यांत काही मेळ दिसला नाही, आणि खेड्यातल्या मुसलमान शेतकऱ्यालाही बावन्न अक्षरे परकीच होती. ही चूक सरकारच्या ध्यानात उशिरा आली. 1868 मध्ये शिक्षण खात्याचे डेप्युटी इन्स्पेक्टर नारायण जगन्नाथ वैद्य यांच्याकडे खुदाबादी या व्यापाऱ्यांच्या लिपीला स्वरचिन्हे जोडून ती शाळा-कोर्टांच्या उपयोगी करण्याचे काम दिले गेले. कराचीची एन. जे. व्ही. शाळा आजही त्यांचे नाव चालवते. त्यांचे काम चोख होते. पण तोवर अरबी अक्षरांत पंधरा वर्षांची क्रमिक पुस्तके, दफ्तरे आणि नोकऱ्या उभ्या राहिल्या होत्या. जिच्यातून नोकरी मिळत नाही त्या लिपीकडे पालक फिरकले नाहीत. हेच वैद्यांचे काम फ्रेअरच्या कारकिर्दीत 1853 मध्येच जोडीने सुरू झाले असते, तर सिंधीला दोन चालत्या लिप्या मिळाल्या असत्या, असे माझे ठाम मत आहे.

फाळणीनंतर कल्याणच्या छावणीत, म्हणजे आजच्या उल्हासनगरात, आलेल्या सिंधी निर्वासितांना हा प्रश्न नव्याने सोडवावा लागला. सिंधी नेते जयरामदास दौलतराम नागरीच्या बाजूने उभे राहिले. अनेक लेखकांनी मात्र शंभर वर्षांचे छापील साहित्य नातवंडांना वाचता येणार नाही म्हणून अरबी लिपी सोडायला नकार दिला. त्यांची भीती खरी होती, आणि तिचे उत्तर नागरीच्या बाजूने कोणी पुरेसे दिले नाही. अखेर दोन्ही लिप्यांना मान्यता मिळाली. 1967 मध्ये एकविसाव्या घटनादुरुस्तीने सिंधी आठव्या अनुसूचीत आली, तेव्हा भाषेचे नाव लिहिले गेले. लिपीचा उल्लेख त्या नोंदीत नाही.