बाजरीतले लोह जाते कुठे?

अंबडकडे बाजरीची भाकरी घरोघरी असते आणि बाजरीत लोह भरपूर असते. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. असे का, ते आपण पाहू.

हिमोग्लोबिनच्या प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू असतात. प्राणवायू त्यांनाच चिकटतो. पण आपल्या ताटातले सगळे लोह रक्तात पोचत नाही. धान्यातील फायटेट आणि चहातील टॅनिन त्याला आतड्यातच बांधून ठेवतात. लिंबू, पेरू, आवळा यांतील क जीवनसत्त्व ही पकड सैल करते. तेव्हा जेवणासोबत चहा नको, लिंबू हवे.

दुसरे कारण गळतीचे. मासिक पाळीत रक्त जाते. अनवाणी पायांतून शिरणारे अंकुशकृमी आतड्यातले रक्त पितात. तिसरे कारण वाढलेली गरज: किशोरवय आणि गर्भारपण.

मात्र प्रत्येक रक्तक्षय लोहाअभावी होत नाही. ब-१२ किंवा फोलेटची उणीव, थॅलसेमिया, सिकलसेल यांतही हिमोग्लोबिन घटते. म्हणून वर्गात सतत दमणाऱ्या मुलीला आळशी ठरवण्याआधी तिची रक्ततपासणी करून घ्यायला आपण घरच्यांना सांगू या.