पहिल्या चिठ्ठीवरची तारीख

आमवात घरात शिरतो तो हातापायाच्या बोटांतून. कापूस वेचणाऱ्या बाईची सकाळी मूठ वळत नाही, तास-दीड तासानं बोटं जरा सैल होतात. घरचे म्हणतात थंडी लागली असेल, चिकनगुनियाचं जुनं दुखणं असेल. गावातला डॉक्टर वेदनाशामक गोळी देतो आणि बरंही वाटतं. पुढे कधीतरी मूर्तिजापूर किंवा अकोल्याच्या दवाखान्यात रक्ताची आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी तपासणी होते, तेव्हा कुठे दुखण्याला नाव मिळतं.

आमवात, ल्युपस, मल्टिपल स्क्लेरोसिस, आतड्यांचे दाह हे सगळे एकाच घराण्यातले आजार. संसर्गाशी लढायला असलेली शरीराची यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर, मूत्रपिंडावर, मज्जातंतूंवर उलटते. औषधांनी आजार ताब्यात राहतो, पण बहुतेकांना औषध वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. बायकांमध्ये आमवात पुरुषांपेक्षा दोन-तीन पट आढळतो आणि तिशी ते पन्नाशी हे त्याचं आवडतं वय. म्हणजे मुलं शाळेत असतात, कर्ज चालू असतं आणि घरातली कमावती माणसं भरात असतात, नेमका तेव्हा तो येतो.

आता पैशाचा हिशेब. समजा महिन्याला गोळ्यांचे १,२०० रुपये लागतात. मेथोट्रेक्सेट हे औषध चालू असेल तर यकृताची आणि रक्ताची तपासणी ठरावीक अंतरानं करावीच लागते, तिचे तीन महिन्यांनी १,५०० धरू. संधिवाताच्या तज्ज्ञाला दाखवायला तीन महिन्यांनी नागपूरची एक फेरी, तिचं गाडीभाडं, फी आणि दोघांचं जेवणखाण मिळून ३,००० रुपये. वर्षाचे झाले ३२,४००, आणि दहा वर्षांचे, भाववाढ न धरता, सव्वातीन लाखांच्या घरात. या रकमेतला एक रुपयाही साध्या आरोग्य विम्यातून येत नाही. एजंट हे आपण होऊन सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

कारण आपल्याकडचा आरोग्य विमा खाटेभोवती बेतलेला आहे. पेशंट भरती झाला, चोवीस तास राहिला, बिल निघालं, की विमा जागा होतो. भरतीच्या आधीचे ३० आणि सुट्टीनंतरचे ६० दिवस (काही पॉलिसींत ६० आणि ९०) त्याच आजाराची औषधं आणि तपासण्या धरल्या जातात. त्यापलीकडे ओपीडीतला खर्च घरचाच. मग विमा घ्यायचा कशाला? तर हे आजार भरतीची वेळही आणतात. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांमुळे साधा न्यूमोनिया आयसीयूपर्यंत जातो, ल्युपस मूत्रपिंडाला धरतो, झिजलेला गुडघा किंवा खुबा बदलावा लागतो. हे लाखांतले खर्च विम्यावर टाकायचे आणि महिन्याचा झिरपा स्वतः सांभाळायचा, अशी विभागणी आधीच मनाशी पक्की केली तर पुढचे निर्णय सोपे जातात.

सुरुवात सरकारी योजनेपासून करू, कारण तिला हप्ता नाही. आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणतात ती २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली, आणि त्या आठांत अमरावती होतं. अकोल्याला ती नोव्हेंबर २०१३ मध्ये, उरलेल्या राज्याबरोबर मिळाली. आधी ती पिवळ्या-केशरी रेशनकार्डांपुरती होती, पुढे शेतकरी आत्महत्यांच्या चौदा जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही घेतलं गेलं. त्या चौदांत अमरावती विभागाचे पाचही जिल्हे आले. १ जुलै २०२४ पासून कोणत्याही रंगाचं रेशनकार्ड चालतं आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. 

या योजनेचं काम असं चालतं. संलग्न रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन तिथे जायचं, तो नोंद करतो, डॉक्टर उपचाराचं पॅकेज निवडतात, मंजुरी येते आणि उपचार होतात. ‘पॅकेज’ हा इथला कळीचा शब्द. उपचार यादीतल्या पॅकेजात बसला तरच पैसे. संधिवातशास्त्र ही शाखा यादीत आहे, पण महिन्याच्या गोळ्या या योजनेत नाहीत. म्हणून भरती होण्याआधीच विचारून घ्यावं, की हा आजार कोणत्या पॅकेजात बसतो आणि हे रुग्णालय त्या शाखेसाठी संलग्न आहे का. रुग्णालय योजनेत असतं, पण सगळ्याच शाखांसाठी असतं असं नाही. शंका आली तर योजनेचा १५५३८८ हा क्रमांक आहे. घरात सत्तरी ओलांडलेलं कोणी असेल, तर ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत उत्पन्नाची अट न घालता त्यांचं वेगळं कार्ड निघतं, तेही करून ठेवावं.

खासगी पॉलिसी हा खरा गुंत्याचा भाग. तिथे सगळा खेळ तारखांचा आहे.

विमा नियामकाच्या व्याख्येप्रमाणे पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत ज्या आजाराचं निदान झालं किंवा ज्यासाठी डॉक्टरांनी उपचार सांगितले, तो ‘आधीपासूनचा आजार’. अशा आजारासाठी कंपनी प्रतीक्षा काळ लावते. २०२४ पर्यंत तो चार वर्षांपर्यंत असू शकत होता, आता जास्तीत जास्त तीन वर्षं. पॉलिसी घेतल्यानंतर उद्भवलेल्या आजाराला मात्र ही प्रतीक्षा नाही, सुरुवातीचे ३० दिवस संपले की झालं. सांधेरोपणासारख्या ठरावीक शस्त्रक्रियांना आणि काही ठरावीक आजारांना वेगळी प्रतीक्षा असते, ती पॉलिसीत वाचावी. आणि सलग पाच वर्षं पॉलिसी चालू राहिली, की ‘तुम्ही अमुक सांगितलं नाही’ या कारणानं कंपनीला दावा नाकारता येत नाही, लबाडी सिद्ध केली तरच. ही मुदत आधी आठ वर्षं होती.

म्हणजे एकाच बाईच्या दोन गोष्टी होऊ शकतात. बोटं दुखायच्या आधी पॉलिसी घेतली असेल, तर आमवात हा नवा आजार, त्याला ही तीन वर्षांची प्रतीक्षा नाही. तपासणीचा रिपोर्ट हातात आल्यावर धावपळ करून घेतली, तर तीन वर्षं थांबणं, हप्ता चढा किंवा सरळ नकार. दोन्हींमध्ये फरक एवढाच की पॉलिसीची तारीख डॉक्टरांच्या पहिल्या चिठ्ठीच्या आधीची आहे की नंतरची. म्हणून विशीत-तिशीत, धडधाकट असताना, पाच लाखांची का होईना पण पॉलिसी घेऊन ठेवावी असं माझं ठाम मत आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटीही गेला आहे.

चिठ्ठी आधीची असेल तर लपवू नये. प्रस्तावाचा फॉर्म एजंट भरतो, आपण सह्या करतो आणि ‘कोणताही आजार आहे का’ या ओळीपुढे त्यानं ‘नाही’ लिहिलेलं असतं. सही आपली असल्यामुळे ते उत्तरही आपलंच. पॉलिसीची प्रत हातात आली की फॉर्मची नक्कल तपासावी. चूक असेल तर तीस दिवसांच्या आत पॉलिसी परत करता येते किंवा दुरुस्तीचं पत्र देता येतं. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयानं आयुर्विम्याच्या एका दाव्यात वारसांच्या बाजूनं निकाल दिला. मणक्याचं दुखणं सांगितलं नव्हतं, पण मृत्यू हृदयविकारानं झाला आणि त्या दुखण्याचा त्याच्याशी संबंध नव्हता. पण अशा निकालाच्या भरवशावर कोणी फॉर्म भरू नये. त्या घराला किती वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या असतील!

आता एक बारीक जागा, जिथे चांगले दावे अडकतात. पेशंट तापानं फणफणलेला आहे, कॅज्युअल्टीत निवासी डॉक्टर विचारतो, ‘सांध्यांचा त्रास केव्हापासून?’ सोबत आलेला दीर सांगून मोकळा होतो, ‘पाच-सहा वर्सं झाले असतीन जी.’ केस पेपरवर ओळ उतरते : आमवाताचा जुना रुग्ण, सहा वर्षांपासून. सुट्टीच्या कार्डावर तीच ओळ टाईप होते. पॉलिसी चार वर्षांची असते आणि फॉर्ममध्ये आजार नसतो. प्रत्यक्षात निदान दोन वर्षांपूर्वीचं आणि आधीची चार वर्षं गुडघे नुसते ठणकत होते. कंपनी मात्र कागद पाहते. म्हणून भरती करताना निदानाचा पहिला रिपोर्ट सोबत ठेवावा, तारीख त्यावरून सांगावी आणि सुट्टी घेण्याआधी कार्ड वाचून पाहावं. चुकीची तारीख डॉक्टरांकडून तिथेच दुरुस्त करून घेता येते. दावा नाकारल्यावर ती दुरुस्ती संशयास्पद दिसते.

दुसरी अडचण इंजेक्शनांची. गोळ्यांनी भागलं नाही तर डॉक्टर बायोलॉजिक औषधं सुचवतात. आमवातात रिटुक्सिमॅब सलाईनमधून, दोन आठवड्यांच्या अंतरानं दोनदा देतात आणि गरजेप्रमाणे साधारण सहा महिन्यांनी पुन्हा. ॲडालिमुमॅब पोटाच्या कातडीखाली दर दोन आठवड्यांनी, घरच्या घरी टोचता येतं. दोन्ही मोनोक्लोनल अँटिबॉडी आहेत. नियामकानं २०१९ मध्ये आधुनिक उपचारांची यादी काढून विमा कंपन्यांना बजावलं, की हे उपचार वगळता येणार नाहीत. इंजेक्शनवाटे दिली जाणारी मोनोक्लोनल अँटिबॉडी त्या यादीत आहे. अट एवढी की उपचार भरती होऊन किंवा डे-केअरमध्ये व्हावा, आणि कंपनी त्यावर रकमेची मर्यादा घालू शकते. म्हणून रुग्णालयात दिलेल्या सलाईनचा दावा करायला आधार आहे, घरी टोचलेल्या इंजेक्शनाला सहसा नाही. पॉलिसी घेताना ‘आधुनिक उपचार’ हे पान उघडून मर्यादा किती ते पाहावं, आणि सलाईन ठरलं की दिवस ठरवण्याआधी कॅशलेसची पूर्वपरवानगी मागावी. कंपनीनं तासाभरात निर्णय द्यावा असा २०२४ चा नियम आहे.

निदान झालेल्यांसाठी दारं बंद नाहीत, अरुंद आहेत. २०१९ च्याच मार्गदर्शक तत्त्वांत काही आजारांची यादी होती, त्यात आतड्यांचे दाह आणि मल्टिपल स्क्लेरोसिसच्या गटातले आजार येत. अशा पेशंटला नकार देण्याऐवजी तेवढा आजार कायमचा वगळून पॉलिसी देता यावी, ही त्यामागची कल्पना. तो आजार वगळला तरी अपघात आणि कॅन्सर तर त्यात येतात, म्हणून अशी पॉलिसीही माझ्या मते घ्यावी. नोकरीत समूह विमा असेल तर त्यात बहुधा प्रतीक्षा नसते. नोकरी सुटताना त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदली मागता येते, त्याचा अर्ज शेवटच्या दिवसासाठी ठेवू नये.

अकोला एमआयडीसीत किंवा नांदगाव पेठेच्या कारखान्यांत २१,००० रुपयांपर्यंत पगारावर काम करणाऱ्याच्या पगारातून कर्मचारी राज्य विम्याचा (ईएसआय) पाऊण टक्का कापला जात असेल, तर त्याच्याकडे शहरातल्या पॉलिसीवाल्यापेक्षा एक गोष्ट जास्त आहे. ईएसआयमध्ये ओपीडी आणि औषधंही येतात. आजारपणात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो, आणि यादीतल्या ३४ दीर्घ आजारांत ८० टक्क्यांनी तो दोन वर्षांपर्यंत वाढू शकतो. रांग लावावी लागते म्हणून लोक हे कार्ड कपाटात ठेवतात, ते मला पटत नाही.

कारण बुडालेल्या कमाईची भरपाई एरवी मिळत नाही. अपघात विमा अपघातानं आलेल्या अपंगत्वाचेच पैसे देतो. गंभीर आजाराची पॉलिसी निदानावर ठोक रक्कम देते खरी, पण तिथे व्याख्या कडक आहेत. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये हालचाल किंवा संवेदना सलग सहा महिने बिघडलेली असावी लागते, ल्युपस मूत्रपिंडापर्यंत गेलेला असावा लागतो, साधा आमवात बहुतेक पॉलिसींत नाहीच. टर्म विमा कमावत्या माणसानं निदानाआधी घ्यावा. तीन वर्षं झाली की माहिती दडवल्याचं कारण काढून तो उकरता येत नाही.

घरात एकाला असा आजार असेल तर सगळ्यांची मिळून एक फ्लोटर पॉलिसी घेऊ नये. एकच जण सगळी रक्कम संपवतो. पेशंटची वेगळी आणि बाकीच्यांची वेगळी पॉलिसी, वर ठरावीक रकमेपुढचा खर्च उचलणारी एक सुपर टॉप-अप, ही मांडणी बरी पडते. हप्त्याची तारीख सोयाबीन विकल्यानंतरची ठेवावी. एप्रिल-मेमध्ये पेरणीची तजवीज चालू असताना आलेला हप्ता हमखास राहतो. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत आहे, त्यात भरला तर झालेली प्रतीक्षा वाया जात नाही, पण मधल्या दिवसांत भरती झालात तर खर्च तुमचा. सवलतही चुकली तर तारखा पुन्हा पहिल्यापासून मोजतात, आणि आता निदान झालेलं असतं.

दावा नाकारला तर लेखी कारण मागावं, पॉलिसीतलं कोणतं कलम ते लिहून घ्यावं आणि कंपनीच्या तक्रार विभागाकडे अर्ज करावा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात, फी नाही, वकील लागत नाही. निवाडा तुमच्या बाजूनं झाला आणि कंपनीनं तीस दिवसांत पैसे दिले नाहीत, तर तिला दिवसाला ५,००० रुपये द्यावे लागतात.