कोळ्यांना खाणारे कोळी



उन्हाळ्यात भेंडीचे किंवा वांग्याचे पान फिकट पडू लागले आणि त्यावर सुईच्या टोकाएवढे पांढुरके ठिपके दिसू लागले, की लाल कोळी पडला असे समजावे. असे पान उलटे करून भिंगाखाली धरले, तर तलम जाळी आणि तीत संथपणे हालणारे बारीक जीव दिसतात. पानाचा रस शोषणारे ते हेच. परंतु त्यांच्यामधून एखादा चकचकीत, नारिंगी रंगाचा जीव झरझर धावताना दिसला, तर त्याला मारू नका. तोही कोळीच आहे; मात्र तो पान खात नाही, पान खाणाऱ्याला खातो.

हे कोळी म्हणजे घराच्या कोपऱ्यात जाळे विणणारे कोळी नव्हेत. दोघेही आठ पायांच्या अष्टपाद वर्गातले असले, तरी आजचे आपले कोळी गोचिडीच्या अधिक जवळचे आहेत. त्यांतील जे भक्षक कुल शेतीला सर्वांत उपकारक ठरले, त्याचे शास्त्रीय नाव फायटोसीइडी. या कुलाच्या अडीच हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत, आणि बहुतेकींची लांबी अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेरच असते.

अंड्यातून बाहेर पडते ते पिल्लू सहा पायांचे असते. पहिली कात टाकल्यावर त्याला पायांची चौथी जोडी मिळते, आणि बाल्याच्या आणखी दोन अवस्था ओलांडून ते प्रौढ होते. फायटोसीयुलस पर्सिमिलिस या प्रसिद्ध जातीत, पंचवीस अंश सेल्सियसच्या सुमारास, हा सारा प्रवास आठवड्याच्या आत पुरा होतो. तिच्या भक्ष्याला, म्हणजे लाल कोळ्याला, याहून अधिक दिवस लागतात. म्हणूनच ही मूठभर फौज मोठ्या शत्रुसैन्याला गाठू शकते. या कोळ्यांना डोळे नसतात. पायांची पहिली जोडी पुढे धरून ते स्पर्शाने व वासाने वाट काढतात. कोळी लागलेले पान एक निराळा गंध सोडते आणि त्या गंधावर भक्षक येतात, हे १९८० नंतरच्या दशकात हॉलंडमधील संशोधकांनी दाखवून दिले.

वर्गात वर्गीकरणाचा धडा आला की मुले हटकून विचारतात, "गुरुजी, ही लांबलचक नावे पाठ कशाला करायची?" त्या प्रश्नाचे उत्तर या इवल्या कुलाकडे आहे.

या कोळ्यांच्या पाठीवर एकच ढाल असते आणि तिच्यावर मोजके केस असतात. प्रत्येक केसाची जागा ठरलेली असून त्याला स्वतंत्र चिन्ह दिलेले आहे. कोणता केस आहे, कोणता नाही, कोणता लांब, कोणता आखूड, यांवरून आणि मादीच्या शुक्रकोशाच्या आकारावरून जात ओळखतात. काम किती नाजूक आहे पाहा. पर्सिमिलिसचे वर्णन १९५७ साली अल्जीरियातील नमुन्यांवरून प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी जर्मनीत, चिलीहून आलेल्या ऑर्किडच्या रोपांवर तोच कोळी सापडला आणि त्याला दुसरेच नाव पडले! पुढे दोन्ही नावांचा धनी एकच असल्याचे ठरले. लॅटिन भाषेत पर्सिमिलिसचा अर्थच 'अगदी सारखा' असा आहे.

केसांबरोबर आहारही पाहावा लागतो. १९९७ साली मॅकमर्ट्री व क्रॉफ्ट या शास्त्रज्ञांनी आहारावरून या कुलाचे चार गट पाडले. काही जाती केवळ जाळी विणणाऱ्या लाल कोळ्यांवर जगतात, काही त्यांना पसंत करतात पण इतर भक्ष्यही घेतात, काही मिळेल ते खातात, तर काहींचे मुख्य अन्न फुलांतील पराग असते.

हा भेद किती मोलाचा, ते आफ्रिकेत दिसले. ज्या कंदापासून आपल्याकडे साबुदाणा करतात, तो कसावा तेथे कोट्यवधींचे रोजचे अन्न आहे. १९७१ साली युगांडात दक्षिण अमेरिकेतला हिरवा कोळी कसाव्यावर आढळला आणि पाहता पाहता खंडभर पसरला. १९८४ ते १९८८ या काळात कोलंबियातून आणलेल्या अनेक जातींचे भक्षक लाखोंनी सोडण्यात आले. एकही टिकला नाही. मग ब्राझीलमधील सारख्या हवामानाच्या प्रदेशात शोध झाला. तेथील टिफ्लोड्रोमॅलस एरिपो ही जात १९९३ साली बेनिनमध्ये सोडली. ती दिवसा कसाव्याच्या शेंड्यात दडते, रात्री पानांवर उतरून शिकार करते, आणि भक्ष्य कमी झाले तरी परागावर तग धरते. ती रुजली, आणि देशोदेशी पसरली. सारे भक्षक भिंगाखाली एकसारखेच दिसत होते. पण भुकेल्या माणसाच्या दृष्टीने त्यांच्यात किती अंतर होते!

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीसारखी औषधे सर्रास फवारली गेली, तेव्हा पुष्कळ ठिकाणी लाल कोळी कमी होण्याऐवजी वाढले. कारण औषधाने आधी त्यांचे भक्षक मेले. तेव्हा फवारणीचा पंप उचलण्यापूर्वी पान उलटून पाहावे. तेथे धावणारा कोण आहे हे ओळखणे म्हणजेच वर्गीकरण, आणि ते पाठ करण्यापेक्षा पाहून शिकण्याची गोष्ट आहे.