नदीच्या वाळूतील घरटी आणि त्यांची राखण

होळी होऊन गेली म्हणजे बेळगाव जिल्ह्यातील नद्यांची पात्रे उघडी पडू लागतात. निपाणीजवळून वाहणारी वेदगंगा, ती जिला मिळते ती दूधगंगा, संकेश्वरावरून जाणारी हिरण्यकेशी आणि हुक्केरी व गोकाक तालुक्यांतील घटप्रभा या नद्यांच्या काठी ठिकठिकाणी वाळूचे व गोट्यांचे पट्टे वर येतात. जिल्ह्यास समुद्रकिनारा नाही. तथापि पुळणीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचे भाईबंद येथे याच पट्ट्यांवर संसार मांडतात. फेब्रुवारीपासून जूनपर्यंतच्या या काळात त्यांच्या घरट्यांची नोंद व राखण कशी करावी, याची माहिती ग्रामस्थ, शिक्षक व क्षेत्रीय कर्मचारी यांस व्हावी, हा या लेखाचा हेतू आहे.

या पक्ष्यांत नदी सुरय हा प्रमुख होय. पिवळी चोच, काळी टोपी व दुभंगलेली शेपटी यांवरून तो सहज ओळखता येतो. त्याच्या जोडीस छोटी आर्ली, छोटा कंठेरी चिखल्या आणि सर्वांच्या परिचयाची टिटवी हेही पक्षी असतात. यांपैकी कोणीही काड्यांचे घरटे बांधीत नाही. वाळूत छातीने उथळ खळगा करावयाचा आणि त्यात ठिपक्यांची, वाळूच्याच रंगाची अंडी घालावयाची, एवढीच त्यांची तयारी. सुरयाची अंडी दोन किंवा तीन, चिखल्या व टिटवी यांची बहुधा चार असतात. हा रंग शत्रूची नजर चुकविण्यास उत्तम. पण माणसाच्या पायाखाली व ट्रॅक्टरच्या चाकाखाली तोच घातक ठरतो, कारण अंडे फुटेपर्यंत ते तेथे होते हे कोणास कळत नाही.

उष्णतेचा विचार येथे विशेष केला पाहिजे. चैत्र-वैशाखात दुपारची वाळू अनवाणी पायास सोसवत नाही. अशा वेळी पक्षी अंड्यांवर बसतो तो पुष्कळदा ऊब देण्यासाठी नव्हे, सावली धरण्यासाठी. टिटवी व सुरय तर पाण्यात जाऊन पोटाची पिसे भिजवून येतात आणि त्या ओलाव्याने अंडी थंड राखतात. म्हणून भर दुपारी हौसेने घरटे पाहावयास जाऊन पक्ष्यास उठवून लावणे म्हणजे त्या अंड्यांचा घात करणे होय. अंडी न हाताळताही घरटे नष्ट होऊ शकते, हे निरीक्षकाने प्रथम शिकावयाचे.

फेरी सकाळी नऊच्या आत किंवा सायंकाळी पाचनंतर घ्यावी. काठावरील उंच जागेवरून दुर्बिणीने पाहावे. पात्रात उतरावे लागल्यास दोघांहून अधिक जणांनी उतरू नये. चिखल्या किंवा आर्ली पंख मोडल्याचे सोंग करून फरफटत पुढे जाऊ लागली, की घरटे जवळ आहे असे समजून आल्या वाटेने परतावे. खुणेचा दगड घरट्यापासून दहा-बारा पावलांवर ठेवावा, कारण कावळा माणसाची खूण लवकर ओळखतो. गावची कुत्री तर पावलांच्या वासावरूनच पोहोचतात. नोंदवहीत दिनांक, पट्ट्याचे नाव, अंड्यांची संख्या व पाण्यापासूनचे अंतर लिहावे. पुढील फेरीत खळगा रिकामा आढळल्यास त्याचे कारण शोधावे: कवचाचे बारीक तुकडे असल्यास पिले निघाली असण्याचा संभव, बलकाचा डाग असल्यास कोणी खाल्ले, आणि वाळूवर पाण्याची रेघ असल्यास उत्तर उघडच आहे.

या शेवटच्या कारणाकडे आपल्या सीमाभागात अधिक लक्ष द्यावे लागते. येथील नद्या महाराष्ट्रात उगम पावून कर्नाटकात येतात आणि त्यांचे उन्हाळी पाणी धरणांच्या दारांवर व बंधाऱ्यांच्या बर्ग्यांवर अवलंबून असते. दूधगंगेवर काळम्मावाडीचे, तर घटप्रभेवर हिडकलचे धरण आहे. जत्राट-भिवशी किंवा अक्कोळ-सिदनाळ येथील ग्रामस्थांस बंधाऱ्यावरून पावसाळ्यात पाणी जाते हे नित्याचे. परंतु उन्हाळ्यात बर्गे घातल्यावर वरच्या अंगाचा वाळूपट्टा हातभर पाण्याखाली जातो, हे सहसा ध्यानी येत नाही. अंडी उबण्यास तीन आठवडे आणि सुरयाच्या पिलास उडता येण्यास आणखी तीन-चार आठवडे लागतात. म्हणजे पट्टा सुमारे 50 दिवस कोरडा राहिला पाहिजे. पिण्याचे पाणी अडवून पक्षी वाचवा, असे कोणी म्हणणार नाही. मात्र पाणी केव्हा सोडावयाचे हे पाटबंधारे खात्यास आधी ठाऊक असते आणि घरटी कोठे आहेत हे नोंदवहीस ठाऊक असते. या दोहोंची गाठ पडल्यास आठवडाभर आधी किंवा नंतर, अथवा टप्प्याटप्प्याने पाणी सोडता येईल काय, एवढा विचार तरी होईल. अंडी उचलून उंचावर नेऊन ठेवण्याचा मोह मात्र आवरावा. पक्षी आपली जागा ओळखतो. दूर हलविलेले अंडे तो बहुधा सोडून देतो. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्य पक्ष्यांच्या अंड्यांस किंवा घरट्यांस धक्का लावणे याचा समावेश शिकारीच्या व्याख्येतच केला आहे.

राखण म्हणजे काय, याचा नमुना चंबळ नदीवर पाहावयास मिळतो. तेथे पाण्याचा पृष्ठभाग चोचीने कापीत उडणारा पाणचिरा वाळूच्या बेटांवर अंडी घालतो. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने काठच्या गावांतील माणसांसच घरट्यांचे राखणदार नेमले. कुत्री, गुरे व माणसे यांस पट्ट्यापासून दूर ठेवणे हे त्यांचे काम. या कार्यासाठी परवीन शेख यांस 2025 मध्ये व्हिटली पारितोषिक मिळाले. आपल्याच राज्यात भद्रा जलाशयातील बेटांवर सुरयांची मोठी वसाहत भरते, आणि चोहोबाजूंचे पाणी हेच तेथील कुंपण असते. आपल्या पट्ट्यांस असे कुंपण नाही. वाळू उपशाची वाहने, धुण्यास आणलेली जनावरे आणि पोहावयास येणारी मुले सर्व तेथेच उतरतात. नदी सुरय आज जगाच्या लाल यादीत असुरक्षित गणला जातो, यात अशा वर्दळीचा व धरणांच्या पाण्याचा वाटा मोठा आहे.

घटप्रभेवरील धुपदाळ येथे 1974 पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात करकोचे पाहण्यास तेथे पुष्कळ लोक जातात. उन्हाळ्यातील सुरयाकडे तितके कोणी पाहत नाही. शाळांस हे काम घेता येण्याजोगे आहे, पण एक अडचण आहे. उन्हाळी सुट्टी नेमकी अंड्यांच्या दिवसांत येते. म्हणून शिक्षकांनी मार्चमध्येच नदीकाठी राहणारी दोन-तीन मोठी मुले निवडून त्यांच्याकडे वही सोपवावी व पंधरवड्यास एकदा तरी ती पाहावी. पट्ट्याच्या उतारावर दोरी बांधून "येथे अंडी आहेत, पलीकडून जावे" अशी पाटी मराठीत व कन्नडमध्ये लावल्यास गुराखी सहसा ऐकतात, परंतु वाळूच्या वाहनांसाठी ग्रामपंचायतीचे व महसूल खात्याचे लेखी पत्रच हवे.

जूनमध्ये नदीला गढूळ पाणी आले, की फेऱ्या थांबतात. वही ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवून तिची एक प्रत वनपालाकडे द्यावी. पुढील फेब्रुवारीत पहिली फेरी त्याच पट्ट्यांवरून सुरू करावयाची असते.