ऑइल बदलले, फिल्टरचे काय?

बहुतेक मोटारींत गिअरबॉक्सचे वंगण इंजिनापासून वेगळे असते. बहुतेक मोटरसायकलींत मात्र एकच ऑइल पिस्टन, क्रँकशाफ्ट, क्लच आणि गिअर या सर्वांतून फिरते. घासणाऱ्या भागांमध्ये पातळ थर धरणे, उष्णता वाहून नेणे आणि काजळी व धातूचा कीस सामावून घेणे ही कामे ते करीत असताना गिअरचे दात त्याला सतत चिरडत असतात, त्यामुळे त्याचा दाटपणा राखणाऱ्या पॉलिमरच्या लांब साखळ्या तुटत जातात आणि ऑइल पातळ होते. काळे पडलेले ऑइल म्हणजे संपलेले ऑइल, ही सर्वमान्य समजूत फारशी भरवशाची नाही, कारण काजळी तरंगत ठेवणारी डिटर्जंट द्रव्ये आपले काम करीत असली की ऑइल काळे होणारच. गावातल्या गावात थांबत थांबत दूध घालणाऱ्या गाडीचे इंजिन पुरेसे तापत नाही, ऑइलमध्ये उतरलेली वाफ आणि पेट्रोल उडून जात नाही, आणि किलोमीटर थोडे झालेले असूनही ते ऑइल लवकर बिघडते; रंगावरून यातले काहीच कळत नाही.

डब्यावरील १० डब्ल्यू ३० या खुणेतील पहिला आकडा थंडीतील वाहतेपणा आणि दुसरा १०० अंश सेल्सिअसला उरणारा दाटपणा दर्शवतो. त्याहून अधिक दुर्लक्षित खूण म्हणजे जपानी मानकाची ‘जासो एमए’. मोटरसायकलीच्या क्लच प्लेट ऑइलमध्येच बुडालेल्या असतात आणि त्यांची पकड घर्षणावर अवलंबून असते. मोटारीच्या काही ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये घातलेली असल्यामुळे ती वापरल्यास क्लच घसरू लागतो, म्हणजे इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी त्या मानाने पळत नाही.

ऑइल काढताना इंजिन थोडे तापलेले असावे, म्हणजे ते पातळ होऊन गाळासकट बाहेर येते. ड्रेन बोल्ट पोलादाचा आणि इंजिनाचा चेंबर ॲल्युमिनियमचा असल्यामुळे पान्यावर जोर दाखवण्याची हौस येथे महागात पडते. आटे गेले की शंभर-दीडशे रुपयांची बचत करायला निघालेला मालक लेथवाल्याच्या दारात उभा राहतो. वॉशर दर वेळी नवा घालावा, कारण दाबून चपटा झालेला वॉशर पुन्हा तितका घट्ट बसत नाही.

येथपर्यंतचे काम बहुतेक ठिकाणी नीट होते, पण फिल्टरपाशी हात आखडतो. १९९४ साली आलेल्या हिरो होंडा स्प्लेंडरच्या घराण्यातील इंजिनांत कागदी ऑइल फिल्टर नसून एक जाळी आणि क्रँकशाफ्टच्या टोकाला बसवलेली फिरती वाटी असते. डेअरीतील सेपरेटरच्याच तत्त्वावर ही वाटी इंजिनाच्या गतीने फिरते, जड कण बाहेर फेकले जाऊन तिच्या कडेला चिकटतात आणि मधले स्वच्छ ऑइल पुढे जाते. खालचा बोल्ट काढून ऑइल कितीही निथळू दिले तरी वाटीतील हा काळा, घट्ट चिखल जागचा हलत नाही. तो खरवडण्यासाठी उजवीकडचे क्लच कव्हर उघडावे लागते, जुने गास्केट काढून नवे बसवावे लागते, आणि गर्दीच्या गॅरेजमध्ये एवढा वेळ सहसा कोणी देत नाही. गाडी त्यामुळे लगेच बंद पडत नाही, म्हणूनच ही टाळाटाळ वर्षानुवर्षे खपून जाते. रॉयल एन्फिल्डच्या ३५० सीसी गाड्यांत घडीदार कागदी फिल्टर असतो, तो धुऊन पुन्हा घालायचा नसतो. असा फिल्टर तुंबला की बहुतेक रचनांत बायपास व्हॉल्व्ह उघडतो, म्हणजे इंजिन कोरडे पडू नये म्हणून न गाळलेले ऑइलच फिरत राहते.

नवे ऑइल भरल्यावर गाडी मेन स्टँडवर उभी करून इंजिन काही मिनिटे चालवावे, बंद करून ऑइल खाली उतरू द्यावे आणि मग पातळी पाहावी. अनेक गाड्यांत डिपस्टिक आट्यांवर नुसती टेकवून पाहायची असते. पिळून बसवली तर ती अधिक खोल जाते आणि कमी असलेले ऑइल पुरेसे भासते.

एअर फिल्टरचा ऑइलशी संबंध नाही असे वाटते, पण रस्त्याच्या धुळीतील क्वार्ट्‌झचे कण फिल्टर चुकवून आत गेले तर पिस्टन रिंगा व सिलिंडर झिजवतात, ज्वलनातील वायू झिरपून चेंबरमध्ये उतरतात आणि नवे ऑइल लवकर खराब होते. काही गाड्यांत एअर फिल्टरचा कागद तेलकट केलेला असतो. त्यावर कॉम्प्रेसरची हवा मारून तो साफ होत नाही, बदलावाच लागतो.

उरलेले जळके ऑइल सेंटरिंगच्या प्लेटांना किंवा वाळवीसाठी लाकडाला फासण्याची रीत जुनी आहे, तरी २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते. शुद्धीकरण करून त्यापासून पुन्हा वंगण बनवता येते, म्हणून घरी ऑइल बदलणाऱ्याने ते गटारात न ओतता रिकाम्या कॅनमध्ये भरावे आणि असे ऑइल पिंपात साठवून अधिकृत पुनर्वापर केंद्राला देणाऱ्या गॅरेजकडे पोहोचवावे.