किरकोळ नव्हे, संड्री!

‘संड्री’ या इंग्रजी विशेषणाने मला पहिल्याच नोकरीत घाम फोडला. कोश उघडला असता तर सरळ अर्थ मिळाला असता: नाना, निरनिराळे. पण कोश उघडण्याची बुद्धी व्हायला आधी शंका तरी यायला हवी!

मुंबईतल्या एका कापडाच्या पेढीत मी नवा कारकून होतो. रोजकीर्दीत चहा, सुतळी, टपाल असला चिल्लर खर्च ‘संड्री एक्स्पेन्सेस’ म्हणून पडत असे. तेव्हा संड्री म्हणजे किरकोळ, हे मी मनाशी पक्के करून टाकले. दिवाळीपूर्वी मालकांनी वसुलीची यादी मागितली. खतावणीत ‘संड्री डेटर्स’ दिसले. किरकोळ येणी! सणासुदीला त्यांच्यामागे कोण लागतो? मी तो सगळा भागच गाळला.

दिवाणजींनी यादी पाहिली आणि चष्मा कपाळावर चढवला. “अहो, मोठी गिऱ्हाइके गेली कुठे? सगळ्यांचा बोनस त्या पानांत अडकलाय!”

त्या रात्री मी एकेकाच्या नावे तगाद्याचे पत्र लिहीत बसलो. शब्दाचा खरा अर्थ मी तेव्हा हाताने गिरवत होतो, हे पुष्कळ वर्षांनी कळले. कारण जुन्या इंग्रजीत संड्री म्हणजे वेगळा, सुटा. ताटातूट सांगणारा ‘असंडर’ त्याच कुळातला. ‘ऑल अँड संड्री’ म्हणजे मुळात सगळे मिळून आणि शिवाय एकेक जण. आज त्याचा अर्थ ‘झाडून सारे’ एवढाच उरला आहे. ‘मिसलेनियस’चे मूळ मात्र लॅटिनमधल्या मिसळण्यात आहे. फराळाच्या ताटात चकली, करंजी, लाडू आपापल्या जागी बसतात ते संड्री. चिवडा तो मिसलेनियस. रकमेच्या लहानमोठेपणाशी दोघांनाही कर्तव्य नाही. ऑस्ट्रेलियात तर क्रिकेटमधल्या अवांतर धावांना ‘संड्रीज’ म्हणतात, आणि त्यांनी सामने फिरतात!

कंपन्यांच्या ताळेबंदाचा सुधारित नमुना २०११ साली आला, तेव्हा ‘संड्री डेटर्स’च्या जागी ‘ट्रेड रिसीव्हेबल्स’ बसले. टॅलीच्या संगणकी खतावणीत मात्र जुने बिऱ्हाड कायम आहे.

परवा त्यावरच काम करणाऱ्या नातीने विचारले, “आजोबा, संड्री म्हणजे किरकोळच ना?”

मी म्हटले, “आधी फराळाचे ताट घेऊन ये.”