सातचा भोंगा

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 साली असे ठरविले की, सायंकाळी सात वाजता भोंगा होताच दीड तास घरोघरी दूरदर्शन व मोबाइल बंद ठेवावेत. कोरोनाकाळात अभ्यासासाठी मुलांच्या हाती आलेला मोबाइल शाळा उघडल्यावरही सुटत नव्हता. नियम वडीलधाऱ्यांसही लागू होता, हे त्यातील मर्म. पडद्याकडे टक लावल्याने पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात. रात्री झोपही लांबते. मालवण किनाऱ्यावरील आपल्या वाड्या विखुरलेल्या; एक भोंगा सर्वांस ऐकू जाणे कठीण. येथे दिवेलागणीची वेळ पालकसभेत ठरवून घ्यावी. वडगावात घरोघर समजूत घालण्यास आशाताईही गेल्या होत्या. त्यांच्या नोंदी मात्र मोबाइलवरही असतात आणि रुग्णाचा निरोप सातनंतरही येतो. त्यांस सूट द्यावी, व ती का दिली हे मुलांस सांगावे.